फाटकावरचा माक्स

२२ मार्च २०२२, मंगळवार

आज पोरीला आणायला गेलो आणि शाळेच्या फाटकावरून मला हाकललं.

ऊन तापायला लागल्यापासून शाळा सकाळची आहे, साडेअकराला सुटते. दुकानात पोऱ्याला बसवून मी गाडी काढतो आणि पाच मिनिटं आधीच लिंबाखाली जाऊन उभा राहतो. आज बघतो तर फाटकाला नवा कागद चिकटवलेला: पालकांनी मास्क लावल्याशिवाय फाटकाजवळ उभे राहू नये. माझा मास्क दुकानाच्या गल्ल्यात राहिलेला. गळ्यातला दुपट्टा नाकावर ओढला. शिपाईकाका आत खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "दुपट्टा नाई चालत. माक्स पायजे."

"कागदावर कुठं लिवलं हाय तसं?"

"मले सांगतलं तसं सांगतो बाप्पा."

त्यांच्याशी काय भांडायचं? त्यांचा स्वतःचा माक्स हनुवटीवर होता, ते सोडून देऊ. (आमच्याकडे अर्धं गाव माक्सच म्हणते. मी लिहिताना मास्क लिहितो, तोंडात माक्सच येते.)

मग रस्त्यापलीकडे पानठेल्यावर जाऊन उभा राहिलो. तिथं एका बाकड्यावर सात-आठ जण मांडीला मांडी लावून खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घोटत बसलेले, तोंड कोणाचंच झाकलेलं नाही, आणि खर्रा खाणाऱ्याचं झाकलेलं राहणार तरी कसं! म्हणजे मोकळ्या हवेतून उठवून मला तिथं पाठवलं, जिथं लोक एकमेकांच्या तोंडात तोंड घालून बोलत होते. शाळा सुटली. पोरीनं लिंबाखाली पाहिलं, मी दिसलो नाही. मी इकडून हात हलवतोय आणि ती तिकडं रडवेली. गाडीवर बसल्यावर विचारते, "बाबा, तुमाले शाळेतून काढलं का?"

२३ मार्च, बुधवार

मास्क लावून गेलो. काका हसले. बाकी विशेष नाही. तुरीचे भाव विचारायला दिवसभर लोक येत राहिले, जसं काही भाव मीच पाडतो.

२५ मार्च, शुक्रवार

दोन दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून आज सविस्तर लिहून काढतो.

मास्क मला कोरोनानं शिकवला नाही. माझं कृषी केंद्र आहे, मास्क आणि हातमोजे कोरोनाच्या आधीपासून माझ्या दुकानात टांगलेले असतात. म्हणजे टांगलेलेच असतात. २०१७चा हंगाम आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरू शकत नाही. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. वरच्या बोंडांवर मारायचं म्हणून नोझल वर धरायचं आणि तेच औषध खाली तोंडावर घ्यायचं. त्यात दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवलेली, आणि पंप जुन्यापेक्षा जोराचे. फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात २०च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पाच औषधांवर सरकारनं काही दिवस बंदी घातली, चौकशी बसली. किट, किट, किट (फवारताना घालायचे मास्क-हातमोजे) असं जो तो बोलू लागला. पुढच्या हंगामात मी किट समोरच मांडून ठेवले. किती खपले ते विचारू नका. "गरमीत कोन घालते गा ते" असं म्हणून लोक दुपट्टा गुंडाळून निघून जातात. आणि मीही औषधाची बाटली पुढे सरकवतो. किट घेतल्याशिवाय बाटली देणार नाही, असं मी एकालाही म्हटलेलं नाही. म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जाईल.

तेव्हा कोणता मास्क काय करतो, हे मला थोडंफार कळतं. कापडाचा मास्क औषधाची वाफ अडवत नाही, त्याला कोळशाची डबी असलेला लागतो. एन-९५ म्हणजे बारीक कणांपैकी निदान ९५ टक्के अडवणारा, पण त्याच्या मधल्या पदरात जो विजेचा भार असतो तो साबणानं धुतला की जातो, आणि आमच्याकडे लोक तो धुऊन तारेवर वाळत घालतात. पुढं प्लास्टिकचं बटण असलेला व्हॉल्व्हवाला मास्क तर घालणाऱ्यापुरता. आत घेतलेली हवा गाळली जाते, बाहेर सोडलेली तशीच जाते. तो वापरू नका असं केंद्रानं जुलै २०२०मध्येच राज्यांना कळवलं होतं, तरी वर्षभर लोक तोच महागाचा म्हणून मिरवत होते.

आणि फाटकावरचं म्हणाल तर उघड्यावर, वाऱ्यात, एवढ्या उन्हात श्वासातून निघालेलं एका ठिकाणी थांबत नाही, विरून जातं. अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन कोणी बराच वेळ बोलत बसलं तर गोष्ट वेगळी. लिंबाखालचा बाप दहा मिनिटं उभा राहतो, ते पण मोबाईलमध्ये डोकं घालून.

भीती कुठं असायला पाहिजे ते सांगतो. शाळेच्या ऑटोत बारा-बारा पोरं कोंबलेली, एकाचं दप्तर दुसऱ्याच्या मांडीवर. वर्गावर टिनाचं छप्पर आणि झळा येतात म्हणून खिडक्या बंद. कूलर आहे तो ऑफिसात. आपला खसचा कूलर खिडकीत बसवला तर बाहेरची हवा ओढून आत लोटतो आणि आतली दारातून निघून जाते, एसीसारखी तीच ती हवा फिरवत नाही. त्या कागदाच्या ऐवजी एक कूलर वर्गाच्या खिडकीत बसवला असता तर पोरं थंड झाली असती आणि हवाही खेळती राहिली असती. पण कूलरला पैसे लागतात. कागदाला गोंद.

हे सगळं जेवताना बायकोला ऐकवलं. ती आशा सेविका आहे, गावात तिचा वार्ड आहे. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' चालू होतं तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापाची बंदूक घेऊन घरोघर फिरलेली. २०२१च्या फेब्रुवारीत अमरावतीत लॉकडाऊन लागला आणि ते लोण आमच्याकडे आलं, तेव्हा दारावरून शिव्या खाऊन परतलेली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. पाच वर्साच्या आतल्या लेकरायले तं माक्स लावूच नका असं केंद्रानंच सांगतलं जानेवारीत. भाकर घ्या आनखी."

मला वाटलं मी जिंकलो.

३१ मार्च, गुरुवार

संध्याकाळी मोबाईलवर बातमी. मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, पाडव्यापासून राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठणार, मास्क ऐच्छिक. दोन वर्षांनी. नोव्हेंबरपासून विनामास्क माणसाला ५०० रुपये दंड होता, तोही गेला. दुकानात बसलेल्यांनी टाळ्या पिटल्या. एकानं खिशातला मास्क काढून चुंबळीसारखा डोक्यावर ठेवून दाखवला. मीही हसलो आणि घरी येऊन म्हटलं, "चला, आता शाळेचा कागद निघन."

बायको पोरीचे केस विंचरत होती. काही बोलली नाही. पोरगी झोपल्यावर म्हणाली, "तुमी त्या दिवशी म्हनत होते, फाटकावरचा माक्स बिनकामाचा."

"हो मंग. नाई का?"

"त्या फाटकावर रोज एक जन उभा रायते. त्याच्या गोया माह्याकडून जाते."

"कायच्या गोया?"

"सहा महिन्याच्या."

सहा महिन्यांच्या गोळ्या म्हटल्यावर आमच्याकडे पुढचं विचारायची गरज पडत नाही, त्या टीबीच्याच. बोलून गेली आणि तिनं स्वतःच जीभ चावली. "कोन ते इचारू नका. मी सांगनार नाई." मीही विचारलं नाही. म्हणजे तोंडानं विचारलं नाही, मनात सगळ्या बापांचे चेहरे येऊन गेले.

मग तिनं जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो. गोळ्या नियमित चालू असल्या की काही आठवड्यांतच त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण्याची भीती बरीच उतरते. उघड्यावर तर आणखीच कमी. त्यामुळे पोरांना त्याच्यापासून काही नाही. पण कोरोनाच्या आधी गावात एकटा एखादा तोंडाला मास्क लावून फिरला की लोक त्याच्या घरचं पाणी पीत नसत. पोरीचं लग्न जमत नसे. म्हणून माणसं मास्क लावत नसत, खोकला दाबत, गोळ्या लपवून खात, काही जण मधेच सोडून देत. निक्षय पोषणाचे, म्हणजे टीबीच्या माणसाला खाण्यापिण्यासाठी सरकार देते ते, महिन्याला ५०० रुपये खात्यात येतात, तेही हा माणूस गावातल्या मिनी बँकेतून काढत नाही, त्यासाठी तालुक्याला जातो. या दोन वर्षांत सगळ्यांच्याच तोंडावर मास्क आला आणि त्यात तो लपून गेला. फाटकावर सगळ्यांसारखा उभा राहू लागला.

"आता पाडव्यानंतर एकटाच दिसन थो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काढून टाकन माक्स. तूच म्हनते ना, लागन होत नाई आता."

"काढन तं काढन. पन खोकला येते ना त्याले."

बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत पडून राहिलो. मी जे ऑटो आणि कूलर आणि विजेच्या भाराचं सांगितलं होतं त्यात खोटं काही नव्हतं. आताही नाही.

२ एप्रिल, शनिवार, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाचा पाला आणि गूळ पोरीनं थुंकून टाकला. यंदा एप्रिलभर शाळा म्हणून ती रुसून बसली आहे. दुपारी ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही. अकोला, चंद्रपूर तर मार्चमध्येच ४२च्या वर गेलं म्हणतात.

४ एप्रिल, सोमवार

कागद अजून तिथंच आहे, एका कोपऱ्यानं सुटलेला, वाऱ्यानं फडफडत होता. शिपाईकाकांनी मास्क हनुवटीवरूनही काढून टाकला.

लिंबाखाली पंधरा-वीस जण असतील. बायांच्या तोंडाला स्कार्फ, तो उन्हाचा, कोरोना नव्हता तेव्हाही होता. तीन-चार दुपट्टे डोळ्यांपर्यंत गुंडाळलेले. मास्क लावलेले किती, ते मी मोजलं. एक म्हातारे आजोबा, एक दुसरा, आणि मी. मोजून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, आणि त्या दुसऱ्याकडं मी परत पाहिलं नाही. तोच असेल असंही काही नाही. बायकोला सांगायला गेलो तर ती कानावर हात ठेवेल.

मी मास्क घरूनच लावून गेलो होतो. पानठेल्यावरून आवाज आला, "काय गा, सरकारनं सोडलं तरी तुह्या तोंडाचं सुटलं नाई? बिमार-गिमार हाय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. क्षणभर अंगावर काटा आला, एवढ्या उन्हात.

"धूर हाय ना बे औषधाचा दिवसभर दुकानात," मी म्हटलं. बाटल्या बंद असतात, धूर कुठला! पण त्याला पटलं. तो खर्रा घोटत राहिला. आजोबा माझ्याकडं बघून उगीचच मान हलवून गेले.

घंटा झाली. पोरगी धावत आली ती थेट माझ्याकडेच, आज शोधावं लागलं नाही. गाडीवर मागं बसून तिनं माझ्या कानामागचा मास्कचा दोरा ओढून सोडला, फट्कन लागला.

घरी येईपर्यंत मास्क घामानं चिंब. उद्यासाठी गल्ल्यातला दुसरा काढून आताच गाडीच्या डिक्कीत ठेवला.