अलिबागचा कुलाबा किल्ला: जाण्याआधी परतीच्या पाण्याचा हिशेब करा

चाळीसगावहून आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे मेहुणे, भाचा आणि शेजारचे तात्या, पौष महिन्यात तीन दिवस अलिबागला राहून आलो. पाहण्यासारखे खूप पाहिले, खाणेपिणेही चांगले झाले. परंतु कुलाबा किल्ल्यावरून किनाऱ्याकडे परतताना जो पाऊण तास गेला, तो अजून डोक्यातून जात नाही. आपल्याकडची अनेक कुटुंबे सुट्टीत तिकडे जातात आणि समुद्राची सवय आपल्यापैकी कोणालाच नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोरच समुद्रात उभा आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला होडीने जावे लागते, एवढे सर्वांना ठाऊक असते. आम्हालाही तेवढेच ठाऊक होते. सकाळी नाश्ता आटोपून पावणेबाराच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा पाणी घोट्याएवढे होते आणि लोक ये-जा करत होते. घोडागाडीवाल्याने माणशी शंभर रुपये सांगितले. आम्ही चालत जातो म्हटल्यावर त्याने आग्रह केला नाही, उलट म्हणाला, ‘‘जा की साहेब, तीन वाजेपर्यंत काही काळजी नाही.’’ मी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून आम्ही निघालो. ही आमची चूक झाली.

जाताना वाळूपेक्षा खडकांचाच त्रास अधिक होतो. खडकांना कालव नावाच्या शिंपल्यांची कवचे चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी असते, मधल्या घळींमध्ये हिरवे शेवाळ असते. रबरी चप्पल तिथे कामाची नाही; मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घालून जावे आणि ते भिजणारच आहेत असे धरून चालावे. भाच्याने चप्पल हातात घेतली आणि दहा पावलांत त्याचा तळवा कापला.

किल्ला मात्र डोळे भरून पाहण्यासारखा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचे काम सुरू करविले, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी येथूनच कोकण किनाऱ्यावर दरारा बसविला. तटाजवळ जाऊन दगडांचे सांधे पाहा. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट येऊन आदळली की पाणी त्या फटींत शिरते, आतल्या आत त्याचा जोर मोडतो आणि मग ते सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत हळूहळू बाहेर येते. आम्ही तिथे बराच वेळ नुसते उभे राहिलो. आत राघोजी आंग्र्यांच्या काळातले, १७५९ मधले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, पुष्करणी आहे आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीरही आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर १८४९ हे साल वाचता येते. हे सगळे नीट पाहायला दीड तास लागतोच, आणि त्या दीड तासातच आम्ही फसलो.

सव्वा वाजता आम्ही महादरवाजातून बाहेर आलो. गिरणेला पूर येतो तेव्हा पाणी वरून येते, गढूळ होते, गर्जत येते, त्यामुळे काठावरच्या माणसाला आधीच चाहूल लागते. समुद्राचे पाणी तसे येत नाही. ते दोन्ही बाजूंनी चोरपावलांनी पसरत येते आणि आपण समोरच्या किनाऱ्याकडे पाहत चालत असतो, म्हणून ध्यानातच येत नाही. शंभरेक पावले गेल्यावर भाचा म्हणाला, ‘‘मामा, पानी चढी ऱ्हायनं.’’ तोवर ते गुडघ्याच्या वर आले होते, समोरून येणारे लोक मांड्यांपर्यंत भिजलेले होते आणि तात्यांचा पाय घळीत सरकून ते कमरेपर्यंत बुडाले. लाट फार मोठी नव्हती, परंतु बाजूने ढकलणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेत होते. आम्ही मागे फिरलो.

किल्ल्याच्या पायथ्याशी घोडागाडी उभी होतीच. तिथे भाव माणशी पाचशे. ‘‘आता पाणी वाढलंय, आता हाच भाव,’’ एवढेच उत्तर मिळाले. घासाघीस करून चौघांचे सोळाशे ठरले आणि पैसे गाडीत बसण्यापूर्वी द्यावे लागले. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होते, गाडीची फळी भिजत होती आणि बिचारे जनावर दर चार पावलांनी थांबत होते. ज्याने तीनपर्यंत काळजी नाही असे सांगितले होते, तोच गाडीवाला किनाऱ्यावर नवी माणसे किल्ल्याकडे पाठवत होता. मला यात अजाणतेपणा मुळीच दिसत नाही. जाताना चालत गेलेला माणूस परतताना गाडीत बसावा, हाच त्यातला व्यवहार आहे, आणि जीव टांगणीला लावून केलेला व्यवहार मला मान्य नाही.

संध्याकाळी एका वृद्ध कोळी बाबांनी जो हिशेब सांगितला, तो सकाळीच माहीत असता तर काहीच झाले नसते. पंचांगातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, सुमारे तितक्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचे टोक. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळते. आम्ही गेलो त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी साडेचारला, तर ओहोटीचे टोक सकाळी पावणेअकराच्या आसपास. आम्ही पावणेबाराला निघालो, तेव्हा पाणी केव्हाच परत फिरले होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा भरती जितकी मोठी तितकी ओहोटीही खोल आणि खडक पुष्कळ वेळ उघडे राहतात. परंतु ती ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी, पर्यटकाच्या सोयीच्या वेळी येते, पण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती-ओहोटी असल्यामुळे पाणी पुरते हटत नाही आणि चालण्याची मुदत आखूड होते. म्हणून माझा सल्ला असा की द्वितीया-तृतीयेच्या सुमारास जावे, कारण त्या दिवशी ओहोटीचे टोक सकाळी आठ-साडेआठला येते आणि खोलीही पुरेशी असते. टोकाच्या दीड तास आधी पाण्यात उतरावे आणि टोकाची वेळ होऊन अर्धा तास झाला की काहीही पाहायचे राहिले असले तरी किल्ल्यातून निघावे. तिथीचा हिशेब ढोबळ आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकातली वेळही पाहून ठेवावी. घोडागाडी करायचीच असेल तर जाऊन-येऊन भाव ठरवावा आणि सगळे पैसे परत आल्यावर द्यावेत.

दुसऱ्या दिवशी कोर्लईला गेलो. तीन दिवसांतले सर्वांत उत्तम ठिकाण हेच, याबद्दल आम्हा चौघांत दुमत नाही. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कुंडलिका नदीच्या मुखाशी समुद्रात घुसलेली एक लांबट टेकडी दिसते, तिच्या पाठीवर पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला आहे. वाट कोळीवाड्यातून जाते. दोन्ही बाजूंना मासे वाळत घातलेले असतात आणि रस्ता इतका अरुंद आहे की मोठी गाडी अलीकडेच ठेवावी. दीपस्तंभापासून वर चढायला आम्हाला वीस मिनिटेही लागली नाहीत. वर उभे राहिले की एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला मोकळा समुद्र, आणि वारा असा की आदल्या दिवशीचा सगळा शीण उतरला. गावातली काही घरे आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. दोन बाया विहिरीवर तीत बोलताना ऐकल्या आणि एक शब्द कळला नाही, तरी घरातली बोली घरातच जपण्याची ती रीत आम्हा अहिराणी माणसांना फार जवळची वाटली. किल्ल्यावर सावली आणि पाणी नाही, म्हणून सकाळीच जावे.

कनकेश्वराचे मंदिर मापगावाजवळच्या डोंगरावर आहे, सातशेच्या वर पायऱ्या आहेत. आमच्याकडचा, पाटणादेवीजवळचा कण्हेरगड चढलेल्या माणसाला त्यात अवघड काही नाही, मात्र कोकणातला दमटपणा आपल्या कोरड्या हवेपेक्षा लवकर दमवतो. आम्ही जेवढे पाणी नेले होते, त्याच्या दुप्पट न्यायला हवे होते. नागाव किनाऱ्यावरचे पाण्यातले खेळ महाग आणि दहा मिनिटांत संपणारे आहेत, ते टाळले तरी काही बिघडत नाही. काशीदची पांढरी वाळू सुंदर आहे, परंतु तिथे लाटा ओढून नेतात, गुडघ्यापलीकडे जाऊ नये. विहिरीत आणि पाटात पोहणाऱ्यांनी तर मुळीच नाही. किहीमचा किनारा छान आहे.

जाण्याची वाट सोपी आहे. चाळीसगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून डॉकयार्ड रोडला उतरून भाऊचा धक्का आणि रो-रो बोटीने तासाभरात मांडवा. मांडव्याहून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर आहे. गेटवेवरून सुटणाऱ्या काही लाँचच्या तिकिटातच पुढची बस धरलेली असते, हे आम्हाला परतताना कळले. तोवर रिक्षाला वेगळे पैसे देऊन झाले होते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात आणि कुलाब्याला चालत जाण्याचा विचारही तेव्हा करू नये.

भाच्याच्या तळव्याची जखम भरायला बारा दिवस लागले. तात्यांनी परतल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या तीन महिन्यांतल्या द्वितीया-तृतीयेला लाल खुणा करून ठेवल्या आहेत, कारण कुलाब्याला लागून असलेला छोटा किल्ला, सर्जेकोट, आमचा पाहायचा राहिला आहे.