जुन्या कॅमरीत सॅटेलाइट रेडिओ

माझ्या 2004च्या टोयोटा कॅमरी गाडीचा मूळ स्टिरिओ मला काढायचा नव्हता. आवाज अजून खणखणीत आहे, बटणं हातात बसलीत. पण न्यू जर्सीहून पिट्सबर्गला लेकीकडे जाताना पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात एफएम पार हरवतं. म्हणून सिरियस एक्सएम या सॅटेलाइट रेडिओ सेवेचा रिसीव्हर घेतला.

स्टिरिओला ऑक्सची, म्हणजे बाहेरचं यंत्र वायरने जोडायची, खाच नाही. आधी रिसीव्हरचा आवाज एफएमवरून स्टिरिओत पाठवणारा बिनतारी ट्रान्समीटर लावून पाहिला. आमच्याकडे न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्हीकडची स्टेशनं येतात, मोकळी फ्रिक्वेन्सी सापडतच नाही. बातम्यांवर सतत खरखर. शेवटी वायरचा एफएम अडॅप्टर घेतला. तो स्टिरिओच्या मागे, गाडीच्या अँटेनाची पिन काढून मध्ये बसतो आणि रिसीव्हर चालू असेपर्यंत बाहेरची स्टेशनं तोडतो. खरखर गेली, अगदी गेली!

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला रिसीव्हरच्या अँटेनाच्या वायरने. चुंबकाची काडेपेटीएवढी अँटेना टपावर मागच्या बाजूला ठेवली, वायर डिकीच्या रबराखाली अंगठ्याने दाबत दाबत आत घेतली, मग दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून पुढे. पुढच्या काचेशेजारच्या खांबातून मुद्दाम नेली नाही. एअरबॅगच्या वाटेत वायर नको.

गॅरेजमध्ये सिग्नल येईना. उपग्रहाला मोकळं आकाश लागतं, गाडी बाहेर काढली. चॅनल 0 वर दिसणारा रेडिओ आयडी, म्हणजे रिसीव्हरचा ओळख क्रमांक, देऊन सबस्क्रिप्शन सुरू केलं, आणि थोड्या वेळात बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लागली. शनिवारी पिट्सबर्ग.