ट्रंकेतली बिलबुकं

1998 च्या उन्हाळ्यात सासूबाई आणि मी कोल्हापुरात घराच्या मागच्या पडवीत कांदा-लसूण चटणी करून विकू लागलो. ब्याडगी, संकेश्वरी आणि चवीपुरती लवंगी मिरची, हे प्रमाण त्यांचं. पाकिटावर नावही त्यांचंच. पुढे कांडप यंत्र घेतलं, दोघींच्या अकराजणी झालो, चटणी पुण्या-मुंबईच्या दुकानांत गेली. नावाची नोंदणी तेवढी राहिली. मार्च उजाडला की मिरचीपुढे दुसरं काही सुचत नसे.

2021 च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या मसाला कंपनीच्या वकिलाची सात पानी नोटीस आली. हे नाव वर्ग 30 मध्ये (मसाले, पिठं अशा मालाचा नोंदणीतला गट) आमच्या अशिलाच्या नावे नोंदलेलं आहे, 15 दिवसांत वापर थांबवा, दुकानांतला माल परत घ्या, 10 लाख भरपाई द्या. सासूबाईंना वाचून दाखवली. "माझं नाव मी कुणाकडनं उसनं घेतलंय व्हय?" एवढंच म्हणाल्या.

घाबरून मी नाव बदलायला निघाले होते. आमच्या वकीलबाईंनी थांबवलं. त्यांनी कंपनीचा नोंदणीचा अर्ज ऑनलाइन उघडला. त्यात वापर 2009 पासून लिहिला होता. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायदा 1999 च्या कलम 34 प्रमाणे, नोंदणीच्या आणि त्यांच्या वापराच्याही आधीपासून जो नाव सलग वापरतोय, त्याला नोंदणीवाला अडवू शकत नाही. मात्र 'सलग' हे कागदांनी दाखवावं लागतं.

पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. छापखान्याचं 1998 चं लेबलांचं बिल, तेलकट बोटांचे ठसे उमटलेली बिलबुकं, विक्रीकराची चलनं. 2004 चं बिलबुक वाळवीनं निम्मं खाल्लेलं. त्या वर्षासाठी एका जुन्या दुकानदारानं आपली खरेदीची वही शोधून दिली. ते उपकार फिटायचे नाहीत.

उत्तरात तारखा होत्या, झेरॉक्स होत्या आणि शेवटी एक ओळ, बसून बोलायची तयारी आहे. बोलणी सुरू झाल्यावर वकीलबाई प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'विदाऊट प्रेज्युडिस' लिहायच्या. बोलणी फिसकटली तर त्यातलं वाक्य कोर्टात आपल्यावर उलटू नये म्हणून.

पुण्यात तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत कळलं की त्यांना चटणीत रसच नव्हता. त्यांना इडली-ढोकळ्याची तयार पिठं त्या नावानं निर्धास्त विकायची होती. मग गाडी रुळावर आली. चटणी-मसाल्यांवर नाव आमचं, पिठांवर त्यांचं. आम्ही नावाखाली आडनाव आणि 'कोल्हापूर' ठळक छापायचं. एकमेकांच्या नोंदणीला हरकत घ्यायची नाही, जुनी पाकिटं संपवायला सहा महिने, भरपाई नाही. करारात गुप्ततेचं कलम आहे, म्हणून इथे नावं लिहीत नाही. पाकिटावरचा पिवळा पट्टा मात्र सोडावा लागला. तो सासूबाईंच्या लुगड्याच्या काठावरून घेतलेला होता. सही करताना माझा हात अडखळला.

त्यांच्या संमतीपत्रासह आमचाही अर्ज गेला. छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी 4,500 रुपये. नोंदणी हाती येईपर्यंत नावापुढे 'टीएम' (ट्रेडमार्क) एवढंच छापलं. गोलातला 'आर' ही नोंदणी झाल्याची खूण, ती नोंदणीआधी छापायला कायद्यानं मनाई आहे.

2023 मध्ये सांगलीकडच्या एका बचत गटाची पाकिटं बाजारात दिसली. नाव, अक्षरं, सगळं आमच्यासारखं. नोटिशीचा कडक मसुदा तयार होता. मला ती सात पानं आठवली. आधी फोन केला, मग अर्ध्या पानाचं पत्र धाडलं आणि छापून ठेवलेली पाकिटं संपवायला तीन महिने दिले. दिवाळीत त्यांचं नव्या नावाचं, हिरव्या पट्ट्याचं पहिलं पाकीट आमच्याकडे आलं. चटणी खाऊन झाली. रिकामं पाकीट ट्रंकेत, बिलबुकांशेजारी ठेवलंय.