तिथी बघून सहल

“या वेळी काही ठरवायचं नाही, निवांत जायचं,” असं नवरा म्हणाला की मी वही काढते. न ठरवता निघालेली सहल निवांत होते यावर माझा विश्वास नाही. दुपारचे तीन वाजलेत, पोटात काही नाही, गाडी म्हसळ्याच्या नाक्यावर उभी आहे आणि श्रीवर्धन की दिवेआगर यावर गाडीतल्या सहा जणांची सात मतं पडताहेत. याला निवांतपणा म्हणणारे लोक बहुधा एकटे फिरत असावेत.

आमच्यातले सहा म्हणजे अण्णा आणि आई (माझे सासू-सासरे), आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जमेल तेवढं दक्षिणेला सरकायचं. मुंबई-गोवा महामार्ग माणगावात ओलांडण्यापुरता, त्याच्या वाटेला अधिक जायचं नाही. 2011 पासून तो चौपदरी होतो आहे आणि त्याच्यावर करण्यासारखे विनोदही आता संपले आहेत.

आधी प्रश्न आला तो केव्हा जायचं याचा. पावसात कोकण फार सुंदर दिसतं, असं घाटावरची माणसं म्हणतात. कोकणातली माणसं तेव्हा कौलं गळताहेत का ते बघत असतात. शिमग्यात पालख्या घरोघर फिरतात, चाकरमानी गावी येतात आणि आपल्याला खोली देणारा माणूस स्वतःच पालखी नाचवत असतो. मे महिन्यात आंबे असतात, पण त्या आंब्यांसाठी सगळं पुणं-मुंबईही तिथेच असतं. मुलीला वेळासची कासवं बघायची होती. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडून समुद्राकडे चालत जातात, ते बघण्याचे खरे दिवस फेब्रुवारी-मार्चचे. कासवांनी आमच्या शाळेचं परीक्षांचं वेळापत्रक बघितलेलं नाही. शेवटी नाताळची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी ठरला. हवा थंड, आंब्याला मोहोर, समुद्र शांत. “पौष आहे,” आई म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, आपण लग्नाला नाही चाललो.” यावर त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे परवानगी मिळाली.

किनाऱ्याचा रस्ता कागदावर फार छान दिसतो. रेवसपासून रेडीपर्यंत थेट समुद्राकाठून जाणारा सागरी महामार्ग. अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळातलं हे स्वप्न, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनं. प्रत्यक्षात हा रस्ता थोडं अंतर गेला की खाडीपाशी येऊन थांबतो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, तिथे एकदा. वाशिष्ठी दाभोळला मिळते, तिथे पुन्हा. शास्त्री जयगडला, तिथे आणखी एकदा. गाडी बोटीत चढवून पलीकडे न्यायची, नाहीतर आतून भला मोठा वळसा घालायचा. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा या फेरीबोटी आहेत. यातल्या खाड्यांवर पुलांच्या घोषणा झाल्या आहेत. ते झाले की अर्धा तास वाचेल हे खरं. पण गाडीतून उतरून, कठड्याला टेकून, खारा वारा खात ‘आता आपण काहीच करू शकत नाही’ असं म्हणायची सोयही जाईल. आमच्या घरात नवऱ्याच्या हातातून स्टिअरिंग सुटतं ते फक्त बोटीवर.

फोनमधल्या नकाशाला यातलं काही उमगत नाही. तो किलोमीटर सांगतो, मिनिटं सांगतो, पण बोट नुकतीच सुटली असेल तर काय, पुढे रांगेत लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या असतील तर काय, हे सांगत नाही. म्हणून मी माझा नियम केला: एका दिवसात एकच खाडी. हरिहरेश्वरहून निघून, बाणकोटची खाडी ओलांडून आंजर्ल्यापर्यंत पोचलो की तो दिवस संपला, मग घड्याळात दुपारचे दोन का वाजले असेनात. नवऱ्याला हे वेळ वाया घालवणं वाटतं. दिवसाकाठी साडेचारशे किलोमीटर कापले नाहीत तर गाडीचा अपमान होतो, अशी त्याची समजूत आहे.

आता खरी गोम. आईंना हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची होती. देवळामागच्या डोंगरातून, दोन कातळांच्या मधल्या पायऱ्यांनी खाली उतरून, समुद्राच्या अगदी लगत कातळावरून ती वाट जाते. ओहोटी असली तरच जायचं. भरतीच्या वेळी तिथे देवाचं नाव घेऊनसुद्धा जाऊ नये, लाट माणसाला सरळ उचलून नेते. मुलाला मात्र हेदवीची बामणघळ बघायची होती. तिथे कातळाला एक अरुंद चीर आहे, लाट तिच्यात घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उंच उडतं. पण हे होतं भरतीला. ओहोटीला गेलात तर दिसते नुसती चीर. म्हणजे एकाच सहलीत आजीला ओहोटी हवी, नातवाला भरती, आणि दोन्ही उजेडात हवं.

मी फोनवर भरतीची कोष्टकं शोधत बसले होते. अण्णांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “तिथी काय त्या दिवशी?” त्यांचं आजोळ देवगडचं, लहानपणीचे सगळे उन्हाळे तिथे गेलेले. “तिथीला तिनाने गुण आणि चाराने भाग. येईल ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळव, ओहोटी.”

मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून घेतलं. द्वितीया: दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी साडेसातला. पंचमी: पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आसपास. फोनच्या कोष्टकाशी ताडून पाहिलं तर फरक अर्ध्या-पाऊण तासाच्या आतला. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच पुढे सरकते, म्हणून हे जमतं. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. हे सगळं ते तोंडाने सांगत होते आणि हाताने शेंगा सोलत होते. इतकी वर्षं या माणसाला आम्ही ‘अण्णा, आज रिक्षा मिळेल का’ एवढंच विचारत आलो.

मग सहलीचा सांगाडा आपोआप उभा राहिला. पौष वद्य प्रतिपदेला शनिवारी निघायचं, हरिहरेश्वरला मुक्काम. द्वितीयेला रविवारी सकाळी साडेसातच्या ओहोटीला प्रदक्षिणा, मग बोटीने वेसवी, वाटेत वेळास, केळशी, मुक्काम आंजर्ले. सोमवारी आंजर्ल्यातच. मंगळवारी दाभोळची बोट, गुहागर. बुधवारी पंचमीला दुपारी पावणेचारच्या भरतीला हेदवी. आजी खूश, नातू खूश, चंद्र आपल्या बाजूने.

वहीत सोमवारच्या पानावर मी मोठ्या अक्षरात ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. माडांच्या वाडीत पडून राहायचं, समुद्रावर दोनदा जायचं, बस. या सहलीतला तो माझा दिवस होता. पण कोरं पान घरातल्यांना रिकाम्या फ्लॅटसारखं दिसतं, जो तो आपलं सामान आणून टाकतो. पन्हाळेकाजीची लेणी तिथून काही लांब नाहीत, एकोणतीस लेणी आहेत, असं अण्णा म्हणाले. दापोलीजवळच्या मुरुडला बोटीतून डॉल्फिन दाखवतात, असं मुलाने कुठूनतरी शोधलं. केळशीच्या महालक्ष्मीला आदल्या दिवशी घाईत नमस्कार होईल, तर सोमवारी सावकाश परत जाऊन यावं, असं आईंना वाटलं. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल आहे म्हणजे हर्णै दहा मिनिटांवर, मग सुवर्णदुर्ग का नाही, असं नवऱ्याला वाटलं. 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हा किल्ला आंग्र्यांकडून कसा घेतला, हे त्याने मुलांना जेवता जेवता दोनदा सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि हर्णैच्या मासळीचा लिलाव तेवढा ठेवला. संध्याकाळी बोटी येतात, वाळूवर टोपल्यांचे ढीग लागतात आणि बोली सुरू होते. त्याला आखणी लागत नाही, नुसतं बाजूला उभं राहायचं आणि कोणाच्या पायात यायचं नाही.

सगळ्यात अवघड होतं गाळणं. गणपतीपुळे, रत्नागिरीतला थिबा राजवाडा, काशेलीचा कनकादित्य आणि तिथल्या सड्यावर कोरलेला तो प्रचंड हत्ती, विजयदुर्ग, मालवण: सगळं वहीत होतं, सगळ्यावर काट मारली. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं आणि तो तिथेच वारला. त्याला तिथे तीस वर्षं मिळाली, आम्हाला एक दुपार मिळाली असती. त्यापेक्षा न गेलेलं बरं. देवगडवर काट मारताना पेन थोडं थांबलं. अण्णांनी ते बघितलं असावं, कारण तेच म्हणाले, “देवगडला असं जाता जाता नाही जायचं. तिथे नुसतं देवगडलाच जायचं.” परतीला गुहागरहून चिपळूण आणि कुंभार्ली घाटाने वर, कऱ्हाडला महामार्ग. त्यावर कोणी वाद घातला नाही. परतीच्या वाटेत कोणालाच रस नसतो. पुढच्या सीटवर मुलगी, कारण घाटात तिला मळमळतं. आवळा सुपारी तिच्या खिशात आणि पिशव्या माझ्या. एवढ्यावर तो विषय संपला.

मग मुक्कामाच्या घरी फोन करायला घेतले आणि एक नवंच पंचांग उघडलं. कोकणात घरगुती सोय असते तिथे आधी खोलीचं बोलत नाहीत, जेवणाचं बोलतात. “ताई, मासे कधी खाणार, किती जण, ते आदल्या दिवशी सांगा हां. सकाळी लवकर जाऊन घ्यायला लागतात.” मी वार मोजायला लागले. शनिवार, मारुतीचा, शिवाय हरिहरेश्वरचं क्षेत्र. नाही. रविवार, हो. सोमवार, शंकराचा. नाही, म्हणजे हर्णैच्या लिलावात पापलेटं डोळ्यांनीच बघायची. मंगळवारी वद्य चतुर्थी, संकष्टी, आणि मंगळवारी आली म्हणून अंगारकी. आईंचा आणि अण्णांचा उपास, चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास. बुधवार, हो. गुरुवार, दत्ताचा. नाही. म्हणजे एवढा किनारा पालथा घालायचा आणि त्यात मासे खायचे वार दोन. मुलाने त्या आठवड्यापुरतं आपण नास्तिक असल्याचं जाहीर केलं. त्याच्या वडिलांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण पक्षांतर डोळ्यांत दिसत होतं.

आंजर्ल्याच्या बाईंना मी हे सगळं समजावत होते, तेवढ्यात आईंनी फोन मागून घेतला. पुढचा अर्धा तास मी नुसती एक बाजू ऐकत होते. “हो का? वालाचे?... नाही नाही, ओल्या नारळाचंच... अंगारकीला? गर्दी होत असेल ना कड्यावर?... पहाटे? पहाटे जाऊ की... तुम्ही करणार? उकडीचे?” फोन ठेवला तेव्हा आईंचा चेहरा प्रसन्न होता. “मंगळवारी आपण आंजर्ल्यालाच राहतोय,” त्यांनी सांगितलं. “पहाटे कड्यावरच्या गणपतीला जायचं, गर्दी व्हायच्या आत. रात्री चंद्र बघून तिथेच उपास सोडायचा. त्या मोदक करणार आहेत. अंगारकीच्या दिवशी गणपती सोडून बोटीत कशाला बसायचं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय ‘काही नाही’ची आता दोन पानं झाली होती, हे मी कोणाच्या लक्षात आणून दिलं नाही. मुलगा एकदम ओरडला, “मग माझी बामणघळ?” हेदवी बुधवारवरून गुरुवारी गेली होती, पंचमीवरून षष्ठीला. सगळे अण्णांकडे बघायला लागले. पण त्यांच्याआधी मुलगीच म्हणाली, “साही त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार.” जानेवारीत साडेचारला भरपूर ऊन असतं. चालणार होतं.

गुहागरच्या काकांना फोन करून मुक्काम एक दिवस पुढे ढकलला. त्यांनी लिहून घेतलं, नाव परत विचारलं, आणि मग म्हणाले, “बुधवारी रात्री मासे करून ठेवतो. हेदवीहून याल गुरुवारी, तेव्हा शाकाहारीच ना सगळे?” मी फोनवर हात ठेवून मुलाकडे बघितलं. तो बापाकडे बघत होता.