"संस्थेचं नाव काय?" – रसेलची डायरी हातात पडेपर्यंत

दिवाळी अंकासाठी १८५७वर लेख कबूल केला होता आणि त्यात मला अजीमुल्ला खान हवा होता. हा नानासाहेब पेशव्यांचा वकील. दुसऱ्या बाजीरावाचा सालीना आठ लाखांचा तनखा त्याच्या मृत्यूनंतर कंपनीने बंद केला. तो मिळवायला नानासाहेबांनी अजीमुल्लाला लंडनला धाडलं. तिथे काम झालं नाही, पण परतताना गडी थेट घरी आला नाही. १८५५ साली तो क्रिमियात जाऊन, रशियाच्या सेव्हस्तोपोलला इंग्रज-फ्रेंचांनी घातलेला वेढा बघून आला आणि तिथे 'टाइम्स'च्या बातमीदाराच्या मुक्कामी एक रात्र राहिला. तो बातमीदार म्हणजे विल्यम हॉवर्ड रसेल. मराठीत ही गोष्ट जो तो सांगतो, पण एकाने दुसऱ्याची उचललेली. मला ती रसेलच्याच शब्दांत वाचायची होती. १८५८ साली तो 'टाइम्स'साठी बंडाच्या बातम्या द्यायला हिंदुस्थानात आला, तेव्हाची त्याची डायरी १८६० साली लंडनला छापली गेली, दोन खंडांत.

ग्रंथालयाचं सभासदत्व, वर्गणी, अनामत, दोन फोटो, आधारची प्रत हे सगळं एका सकाळीच उरकलं. अडलं ते दुर्मिळ ग्रंथांच्या विभागात. ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही. मुंबईत इतकी जुनी ग्रंथालयं मोजकीच आहेत आणि मला तिथे पुन्हा जायचंय.

दुर्मिळ पुस्तक बघायचं तर वेगळा अर्ज. त्यात नाव, पत्ता, विषय आणि मग 'संस्था'.

"मॅडम, हा रकाना रिकामा आहे."

"मी कुठल्या संस्थेत नाही. स्वतंत्र लिहिते."

"मग स्वतंत्र कुठे, ते लिहा."

"घरी."

"घर चालत नाही."

पीएच.डी. करताय का? नाही. कॉलेजात शिकवता का? नाही. पेपरात आहात का? पूर्वी होते. "पूर्वीचं चालत नाही." माणूस वाईट नव्हता. पाणी विचारलं, पंख्याखाली बसवलं. पण पोटापाण्याचा आणि वाचनाचा संबंध नसलेला माणूस जुनं पुस्तक मागतो म्हणजे नक्की काय करणार आहे, हे काही त्याच्या पचनी पडेना.

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आणलं. लेटरहेड होतं, सही होती. गोल शिक्का नव्हता. शिक्का मारून आणला, तर जावक क्रमांक कुठाय? अंक निघतो वर्षातून एकदा, कचेरी म्हणजे संपादकांचं जेवणाचं टेबल, तिथे कसला जावक क्रमांक! शेवटी त्यांनी वैतागून 'जा. क्र. १' असं ठोकून दिलं आणि ते बिनबोभाट चाललं. मग साहेबांची सही. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, साहेब आत्ताच जेवायला गेले. साहेबांची सही एकदाची झाली, तर समोर आलं बर्ट्रंड रसेलचं पुस्तक. ते परत केल्यावर आला हिंदुस्थानच्या डायरीचा दुसरा खंड. पहिला बाइंडिंगला गेलेला. कधी येईल? "गेलाय म्हणजे येईलच." क्रिमियातली ती आठवण रसेलने सांगितली आहे कानपूरच्या भागात, म्हणजे पहिल्याच खंडात.

दाराबाहेरच्या बाकावर बसून मी रसेलबद्दलच वाचत होते, आणि तिथे हा माणूस मला जास्त कळला. डब्लिनजवळच्या टॅलाटचा जन्म, शिक्षण ट्रिनिटी कॉलेजात, आयर्लंडमधल्या निवडणुकांच्या आणि आयरिश पुढारी ओकॉनेलच्या प्रचंड सभांच्या बातम्या देत 'टाइम्स'मध्ये आलेला. १८५४ साली क्रिमियाला गेला तेव्हा फौजेच्या कागदावर त्याला जागाच नव्हती. सैनिक नाही, अधिकारी नाही, मग हा कोण? सेनापती लॉर्ड रॅग्लन त्याला जवळ करायला तयार नव्हता. लढाईपेक्षा थंडीने आणि रोगराईने सैनिक मरताहेत हे त्याने लिहिलं आणि लंडनचं सरकार हादरलं. पुढे १८६१ला तो अमेरिकेत यादवी युद्ध बघायला गेला. बुल रनच्या लढाईत उत्तरेची फौज कशी पळाली ते त्याने जसंच्या तसं छापलं, आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'बुल रन रसेल' म्हणून झोडपलं. पुढच्या वर्षी युद्धमंत्री स्टँटनने त्याला सैन्याबरोबर जायचा पासच दिला नाही. सेनापती मॅक्लेलन न्यायला राजी होता, तरीही नाही. रसेल सरळ इंग्लंडला परतला. हे वाचून मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

अखेर पहिला खंड आला. कडेने कसर लागलेली, नव्या बाइंडिंगात आतला समास असा शिवून टाकलेला की ओळींची शेवटची अक्षरं वाचायला पान वाकवावं लागतं, आणि पान वाकवलं की समोरून खाकरल्याचा आवाज. पण अजीमुल्ला सापडला. फ्रेंच-इंग्रजांना एकत्र मार देणारे ते रशियन रुस्तम मला बघायचेत, असं तो रसेलला म्हणाला. नुकताच सेव्हस्तोपोलवरचा इंग्रज-फ्रेंचांचा १८ जूनचा हल्ला फसला होता. निघताना तो मागे आभाराची चिठ्ठी ठेवून गेला. तिचा मजकूर रसेलने डायरीत दिला आहे, अगदी शिष्टाचाराचं इंग्रजी. ती वाचताना पुढच्या दोन वर्षांत कानपुरात झालेली इंग्रजांची कत्तल आठवते आणि पानावरून नजर हलत नाही.

खंड हातात होता म्हणून मग पुढेही वाचलं. लखनौच्या कैसरबागेची लूट त्याने डोळ्यांनी बघून लिहिली आहे. दिल्लीत कैदेतल्या बहादुरशहालाही तो भेटला. गोऱ्यांच्या सूडबुद्धीवर त्याने कोरडे ओढलेत, पण साम्राज्य नको असं त्याला कुठेही वाटत नाही. त्याला आपल्या बाजूचा ठरवायची घाई करू नका. आपले वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच काळात उत्तरेत जीव मुठीत धरून फिरत होते. त्यांचं प्रवासवर्णन छापून आलं १९०७ला, आणि रसेल वारला तोही १९०७लाच. त्याआधी १८७५च्या नोव्हेंबरात हाच रसेल इंग्लंडच्या युवराजाबरोबर मुंबईला उतरला होता, त्यावरही त्याचं पुस्तक आहे. त्या पुस्तकासाठीचा अर्ज मी अजून भरलेला नाही.

कोणाला जायचं असेल तर: पेन आत नेऊ देत नाहीत, शिसपेन्सिल न्या, टोकयंत्रासकट. एसी कडक असतो. मोबाइलने फोटो काढायचा तर पानागणिक पैसे आणि त्याचा आणखी एक अर्ज, त्यातही 'संस्था' आहेच. १९५७ साली निघालेली संक्षिप्त आवृत्ती जुन्या बाजारात मिळते, पण तेवढ्यावर लेख लिहू नका. दोन्ही खंडांचे स्कॅन इंटरनेटवर फुकट आहेत, खरं तर सुरुवात तिथूनच करा. मी उतरवून घेतलेल्या प्रतीत नेमकी हवी ती पानं तिरकी आणि पुसट होती, म्हणून ही वारी. पत्रावर जावक क्रमांक घालायला विसरू नका, कुठलाही चालतो. आणि मूळ पत्र त्यांच्याकडे ठेवून घेतात, तेव्हा झेरॉक्सवर पोच घ्या. माझं पत्र पहिल्या खंडासाठी होतं, दुसऱ्यासाठी नवं लागेल असं आता सांगताहेत. संपादकांना 'जा. क्र. २' मागितलाय.