साडेतीन वॉट आणि ईशान्य कोपरा

शेवटी घेतले एकदाचे क्लिप्शहॉर्न, म्हणजे भोंग्याचे मोठे स्पीकर. जुने, इथे डॅलसमध्येच एका रिटायर्ड आजोबांकडून, आणि एकेक खोका चार फुटांहून उंच, टेम्पोतून उतरवायला तिघं लागलो. खरी भानगड पुढेच, हे स्पीकर खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावे लागतात आणि आमच्या हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात देव्हारा!

कोपराच का, तर ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब, तेवढा खर्ज नीट काढायचा तर भोंग्याचं तोंड अवाढव्य हवं. हा स्पीकर काढणाऱ्या पॉल क्लिप्शने भोंगा दुमडून खोक्यात कोंबला आणि उरलेलं काम भिंतींवर सोडलं. १९४६ पासून अजून बनतोय हा स्पीकर, तिकडे आर्कान्सामधल्या होप गावात. (हा माणूस कोटाच्या कॉलरमागे ‘बुलशिट’ लिहिलेला बिल्ला लावून फिरायचा, कोणी ऑडिओबद्दल फेकायला लागला की कॉलर उलटवून दाखवायचा. मला तर आत्ता रोज लागेल तसा बिल्ला.)

माझा अँप टू-ए-थ्री नावाच्या व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी), १९३३ सालचं डिझाइन, चॅनलला एकच व्हॉल्व्ह, साडेतीन वॉट. जुन्या ८८ डेसिबलच्या (म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर एवढा आवाज) स्पीकरवर आलाप छान वाटायचा पण द्रुत सुरू झालं की तबला पार चेपायचा, मी उगाच व्हॉल्व्हला शिव्या घालत होतो. क्लिप्शहॉर्नचा कंपनीचा आकडा १०५. म्हणजे १७ डेसिबलचा फरक, म्हणजे तेवढाच आवाज काढायला पन्नासावा हिस्सा पॉवर! आता घरात मोठ्याने ऐकलं तरी एक वॉटसुद्धा लागत नसेल, आणि तबल्याची थाप अशी येते की पहिल्या दिवशी मी दचकलोच.

पण भोंगा गाणं मोठं करतो तशी घाणही मोठी करतो ना. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटला एसी करंट दिलेला, त्याची बारीक घुंऽऽ आधी कधी ऐकूच आली नव्हती, आता तानपुऱ्याशेजारी कोणीतरी दुसरा बेसूर तानपुरा घेऊन बसल्यासारखं. दोन रविवार गेले त्यात. शेवटी हम पॉट (ही घुंऽऽ कमी करायचा अँपमधला पेच) स्क्रूड्रायव्हरने केसभर केसभर फिरवत गेलो आणि एका जागी घुंऽऽ एकदम बसली. (अँप उघडणार असाल तर सांभाळून, आत ३०० व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेलेच राहतात.) पूर्ण गेली नाहीये, भोंग्याला कान लावला तर आहेच, पण खुर्चीपर्यंत येत नाही.

देव्हारा सध्या किचनमध्ये. ‘तात्पुरता’ असं ठरलंय, बायको रोज विचारते कधीपर्यंत.