दोन वजनकाटे

मागच्या डिसेंबरात माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे नागपुरात बर्डीकडचे रस्ते बंद होते, मुलानं गाडी गल्लीबोळांतून काढत मला दवाखान्यात पोचवलं. ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. ते डॉक्टरांचं काम होतं आणि त्यांनी ते चोख केलं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले तेव्हा टाके ओढत होते, पण सहा वर्षं ज्यानं कुशीवर वळू दिलं नव्हतं ते आतलं दुखणं गेलेलं होतं. पलंगाच्या कडेला बसून मी पोटभर रडले.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या पाच महिन्यांचं.

त्याआधी थोडं मागचं. माझं दुखणं सुरू झालं ते गुडघ्यात. एका डॉक्टरांनी वर्षभर गुडघ्याचीच औषधं दिली, दोनदा गुडघ्याचाच एक्स-रे काढला. खुबा झिजला तरी कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरू शकते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी उताणं झोपवलं, गुडघा वाकवून पाय आत-बाहेर वळवून पाहिला आणि मी किंचाळले. मग खुब्याचा एक्स-रे निघाला. आपण शाळेत ज्याला उखळीचा सांधा म्हणतो, त्यातला गोळा आणि उखळ यांच्यात जागाच उरली नव्हती. म्हणून कळकळीनं सांगते, गुडघ्यावर उपचार करूनही गुण येत नसेल तर एकदा खुबा तपासून घ्या.

तरीही ऑपरेशन मी पुढे ढकलत राहिले. शाळेत भूगोल शिकवायचे, निवृत्तीला चार वर्षं होती. व्हरांड्यातून मी आले की चपलेचा आवाज यायचा, एक पाऊल फट्, दुसरं सर्र. वर्ग त्या आवाजावर गप्प व्हायचा. घरी हे सुद्धा त्याच आवाजावर ओळखायचे, आतूनच "आलीस का?" म्हणायचे.

नवा सांधा बसला की लंगडणं थांबेल, असं मी धरून चालले होते. वॉकर सुटला, काठी आली, कळ नव्हती, आणि तरी मी तशीच लंगडत होते. शिवाय उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटायचा. मी घाबरले. डॉक्टरांनी मोजून दाखवलं, दोन्ही पाय सारखे होते. आखडलेले स्नायू सैल होईपर्यंत असं वाटतं म्हणाले, आणि तसंच झालं.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं मागून मोबाइलवर माझं चालणं टिपलं आणि मला दाखवलं. उजव्या पायावर भार आला की माझं सगळं अंग उजवीकडे कलत होतं. "काकू, सांधा नवा आहे, पण तुम्ही जुन्या सांध्यावरच चालून राहिल्या," ती म्हणाली. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, नितंबाच्या वर एक स्नायू असतो. एका पायावर उभं असताना कंबर दुसऱ्या बाजूला खचू न देणं हे त्याचं काम. सहा वर्षं त्या पायावर नीट भारच न दिल्यामुळे माझा तो स्नायू पार दुबळा झाला होता.

एके दिवशी ती तिचा वजनकाटा घेऊन आली, दुसरा आम्ही शेजारच्या वहिनींकडून मागून आणला. दोन्ही शेजारी ठेवले आणि एकेकावर एकेक पाय ठेवून मला उभं केलं. "खाली पाहू नका. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. दोन्ही पायांवर सारखं वजन आहे असं वाटलं की सांगा." मी घड्याळाकडे पाहत हळूहळू तोल साधला आणि अगदी खात्रीनं म्हटलं, आता सारखं आहे. खाली पाहिलं. डावा काटा ४१ वर होता, उजवा २३ वर. मी पुन्हा डोळे वर केले, पुन्हा तोललं. ४०, २४. मला जे सरळ वाटत होतं ते मुळात सरळ नव्हतंच. त्या दिवशी मला जितकं वाईट वाटलं तितकं ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही वाटलं नव्हतं.

मग रोज सकाळ-संध्याकाळ काटे. सुरुवातीला खाली पाहून ३२-३२ करायचं, ते अंगात कसं वाटतं ते लक्षात ठेवायचं, मग घड्याळाकडे पाहून तेच शोधायचं. बरोबरीला आणताना उजवीकडे इतकं झुकल्यासारखं वाटायचं की आता पडते! स्वयंपाकघरात ओटा धरून पाय बाजूला उचलायचा, दहा-दहा वेळा, अंग न कलवता. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तेच. डाव्या कुशीवर झोपून पाय उचलण्याचा व्यायाम नंतर आला, तो फार जड गेला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी काठी डाव्या हातात पाहून प्रत्येकीनं मला सुधारलं. "अगं, ज्या पायाचं ऑपरेशन त्याच हातात धर." मी सगळ्यांना समजावलं. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्याच हातात धरायची. उजवा पाय टेकताना डावा हात काठीवर दाबला की कमरेच्या त्या स्नायूवरचा ताण कितीतरी कमी होतो. ऑपरेशनच्याच बाजूला काठी धरली तर माणूस तिच्यावर कलतो आणि लंगडणं आणखी पक्कं होतं. जिन्याचाही नियम आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. शंकरनगर चौकातल्या मेट्रो स्टेशनवर आधी मी लिफ्टच वापरायचे. मार्चमध्ये पहिल्यांदा कठडा धरून जिना उतरले आणि बर्डीला टेकडीच्या गणपतीला जाऊन आले.

जमिनीवर बसणं मात्र गेलं. माझं ऑपरेशन मागच्या बाजूनं छेद घेऊन झालं, म्हणून सुरुवातीचे तीन महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना पायांमध्ये उशी, असे नियम होते. दिवाणाखाली लाकडी ठोकळे लावून तो उंच केला. ते नियम सैल झाले, पण मांडी आणि उकिडवं बसणं माझ्या डॉक्टरांनी कायमचंच बंद केलं. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील, त्यांचं ऐका. यंदा महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला मी पाटावर नसेन, पुरण ओट्याशी उभी राहून वाटीन. याचं दुःख होतं, खोटं कशाला सांगू.

रामनवमीच्या आसपास काटे ३४ आणि ३० वर आले, तेही न पाहता. काठी आधी घरात सुटली, मग बाहेर.

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी दूध घेऊन आले तर लाइट गेलेली, कूलर बंद पडलेला, घर एकदम शांत. हे आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी चपला न काढताच व्हरांड्यातून दारापर्यंत आले.

आतून यांचा आवाज आला, "कोण आहे?"